हेडलाईटचा बल्ब किती दिवस टिकतो?



आपल्या कार्याच्या तिमाही हिशेबात 'वाहन दुरुस्ती' या सदराखाली हेडलाईटच्या बल्बची नोंद पुन्हा पुन्हा दिसते. रक्कम लहान असते. तरी मंडळीतील काही बंधुभगिनींनी विचारले की एवढे बल्ब लागतात कसे? स्वस्तातला माल घेतला जातो का? गाड्या नीट वापरल्या जात नाहीत का? प्रश्न रास्त आहे. देणगीच्या पै-पैशाचा हिशेब विचारला गेलाच पाहिजे. म्हणून या अंकात हा बल्ब असतो कसा, तो किती तास जळतो आणि कशाने जातो, हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनाही याचा उपयोग होईल.

रस्ता आणि रात्र

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग पाण्यासाठी आभाळाकडे पाहतो, तर पश्चिमेकडचा अकोले तालुका पावसात बुडालेला असतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याशी आणि उतारांवर महादेव कोळी व ठाकर बांधवांच्या वाड्या-वस्त्या आहेत. बाजार, दवाखाना, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, सगळ्यासाठी राजूर गाठावे लागते. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई या बाजूला एसटीच्या फेऱ्या मोजक्या. दिवस मावळला की मोटारसायकलीशिवाय दुसरे साधन फारसे उरत नाही.

दूध घालणारा पहाटे अंधारात निघतो. बाजार करून माणसे तिन्हीसांजेला परततात. आशाताईंना रात्री-अपरात्री बोलावणे येते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंत आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला आणायचे काम बहुतेक वेळा मोटारसायकलच करते. मध्ये बसलेला रुग्ण, मागे त्याला धरून बसलेला नातलग, आणि पुढे एका बल्बचा उजेड.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी दहाएक मीटर लागतात. म्हणजे पंचवीस मीटरच्या आत जे आहे, ते चुकवणे कठीण. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. वळणावर बसलेली गुरे, खचलेली कड, रस्त्यावर आलेला दगड, कधी बिबट्या, हे सारे पंचवीस मीटरच्या पलीकडे असतानाच दिसायला हवे. घाटात दिवा अचानक गेला, तर चालकाच्या हाती एक-दोन सेकंद असतात. बल्बच्या छोट्या नोंदीमागे एवढी मोठी गोष्ट आहे.

बल्बच्या आत काय असते

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत हॅलोजन बल्ब असतो. त्यावर '१२ व्होल्ट ३५/३५ वॅट' असे लिहिलेले असते. दोनदा ३५ लिहिण्याचे कारण म्हणजे एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. बुलेटसारख्या मोठ्या गाडीला ६०/५५ वॅटचा बल्ब लागतो.

ही तार टंगस्टन नावाच्या धातूची असते. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळतो. इतकी उष्णता सोसणारा दुसरा धातू नाही. दिवा चालू असताना तार अडीच हजार अंशांच्याही वर तापलेली असते आणि त्या तापण्यातूनच उजेड मिळतो. पण इतक्या उष्णतेत धातूची हळूहळू वाफ होते. जुन्या साध्या बल्बमध्ये ही वाफ काचेवर जाऊन बसे. काच काळी पडे, उजेड कमी होई, तार झिजत जाई.

हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनच्या कुळातला थोडा वायू भरलेला असतो. उडालेला धातू काचेजवळ या वायूशी जोडला जातो आणि तापलेल्या तारेजवळ आला की वायूपासून सुटून पुन्हा तारेवर बसतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि त्याच आकारात जास्त उजेड मिळतो. मोटारगाड्यांत असे दिवे युरोपात १९६२ साली आले, आणि दोन तारांचा बल्ब १९७१ साली.

मग हा बल्ब कायम का टिकत नाही? कारण परत येणारा धातू जिथून उडाला तिथेच बसेल असे नाही. तारेचा जो भाग थोडा बारीक झाला तो जास्त तापतो. जास्त तापला की अधिक उडतो आणि आणखी बारीक होतो. शेवटी त्याच जागी तार तुटते. म्हणजे काहीही बिघाड नसला तरी प्रत्येक बल्बचे आयुष्य मोजकेच असते.

आयुष्य दिवसांत नव्हे, तासांत

चांगल्या कंपनीच्या हॅलोजन बल्बचे आयुष्य काही शे तासांपासून फार तर हजार तासांच्या आसपास असते. प्रकारानुसार आणि वापरानुसार ते कमीजास्त होते. 'हा बल्ब दोन वर्षे टिकला' या म्हणण्याला तसा अर्थ नाही. तो किती तास जळला, हे विचारायला हवे.

पूर्वी दिवा फक्त अंधारात लावला जाई. रोज अर्धा तास म्हटले तर वर्षाचे तीनशे दिवस धरून दीडशे तास होतात. तसा बल्ब तीन-चार वर्षे सहज जाई. १ एप्रिल २०१७ पासून मात्र देशात तयार होणाऱ्या नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट चालूच ठेवण्याचा नियम लागू झाला. या गाड्यांना दिवा बंद करायचे बटण नसते. समोरच्याला दुचाकी दुरून दिसावी, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगला आहे. पण जी गाडी रोज दोन तास फिरते, तिचा बल्ब आता वर्षाला सहाशे तास जळतो. वाड्या-वस्त्यांवर दिवसभर फिरणाऱ्या सेवकाची गाडी याहून अधिक चालते. वर्षाला एक बल्ब, कधी दोन, हे त्या गाडीचे नेहमीचे खाणे समजावे. तेलासारखे आणि ब्रेकच्या लायनरसारखे.

याहून लवकर बल्ब जात असेल, तर मात्र काही तरी बिघडले आहे. त्याची कारणे आता पाहू.

पहिले कारण : जास्तीचा दाब

गाडीतली वीज इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटपासून तयार होते. इंजिन जोरात फिरले की व्होल्टेज चढते. ते एका मर्यादेत धरून ठेवायला एक छोटा डबा असतो. गॅरेजवाले त्याला 'आरआर युनिट' किंवा नुसते रेग्युलेटर म्हणतात. नाव १२ व्होल्टचे असले तरी धावत्या गाडीत १३ ते साडेचौदा व्होल्ट असणे ठीक आहे. बल्बच्या आयुष्याची चाचणीही साधारण १३.२ व्होल्टवर घेतात.

व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. दहा टक्के वाढले तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी राहते. दिवा मात्र झकास पांढरा दिसतो, म्हणून चालकाला काही खटकत नाही. रेग्युलेटर पुरता खराब झाला तर घाटात गाडी रेस केली की बल्ब एका क्षणात उडतो. बरोबर मागचा लाल दिवाही जातो.

याची एक सोपी परीक्षा आहे. भिंतीसमोर गाडी उभी करून हळूहळू रेस करावी. बऱ्याच लहान गाड्यांत मंद चालीवर दिवा मिणमिणतो आणि रेसबरोबर वाढतो. ते त्या गाड्यांच्या रचनेमुळे आहे. पण थोडी रेस झाल्यावर उजेड एका जागी स्थिर झाला पाहिजे. रेसबरोबर तो वाढतच राहिला, अधिकाधिक पांढरा होत गेला, तर रेग्युलेटर दाखवून घ्यावा. तो न बदलता नुसते बल्ब घालत राहणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे.

बॅटरीचीही एक गोष्ट सांगायला हवी. किकने गाडी चालू होते म्हणून उतरलेली बॅटरी काढून टाकून तशीच गाडी चालवण्याची सवय खेडोपाडी आहे. ज्या गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालतो, त्यांत व्होल्टेजचे चढउतार सावरायचे काम बॅटरीही करते. तिला काढले की तो आधार जातो आणि दिवे लवकर उडतात.

दुसरे कारण : हादरे

टंगस्टनची तार गार असताना काचेसारखी ठिसूळ असते आणि तापलेली असताना नरम. दोन्ही अवस्थांत तिला धक्का सोसत नाही. खडीचा रस्ता, पावसाने उघडे पडलेले दगड, एका सिलिंडरच्या इंजिनची थरथर, हे सारे तारेला जाणवते. हेडलाईटच्या डोमचे नटबोल्ट ढिले असतील किंवा बल्ब धरणारी स्प्रिंग सैल असेल, तर हादरा दुप्पट होतो. डोम हाताने हलवून पाहावा. तो खडखडला, तर नवा बल्ब घालण्याआधी तो आवळावा.

दिवा लावण्याचा क्षणही नाजूक असतो. गार तार विजेला फार थोडा अडथळा करते, तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे पहिल्या झटक्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज तिच्यातून धावते. झिजलेली तार याच झटक्यात तुटते. 'आत्ता तर चालू होता, बटण दाबले आणि गेला' असे आपण म्हणतो, त्याचे कारण हे.

तिसरे कारण : आपले हात

हॅलोजन बल्बची काच साधी नसते. ती क्वार्ट्झची किंवा तशाच उष्णता सोसणाऱ्या जातीची असते आणि चालू असताना काही शे अंश तापते. उघड्या बोटांनी ती धरली की घामातले मीठ आणि तेल तिच्यावर राहते. काच तापली की तो डाग भाजला जातो. तेवढीच जागा जास्त तापते, पांढरट होते, कमजोर होते आणि काही दिवसांनी बल्ब तिथून फुगतो किंवा तडकतो.

म्हणून बल्ब बसवताना तो पत्र्याच्या बुडाला धरावा. काचेला हात लागलाच तर स्वच्छ फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. ग्रीस लागलेल्या हाताने बल्ब बसवणाऱ्या फिटरला हे प्रेमाने सांगावे. पुष्कळांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

चौथे कारण : पाणी आणि गंज

अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस जून ते सप्टेंबर थांबत नाही. हेडलाईटची काच तडकलेली असेल किंवा मागचे रबर फाटलेले असेल, तर आत पाणी शिरते. तापलेल्या बल्बवर गार थेंब पडला की काच तडकते. पाण्यामुळे आतला चकचकीत परावर्तकही काळवंडतो. मग नवा बल्ब घालूनही उजेड रस्त्यावर पडत नाही.

होल्डरच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. अर्थची वायर गंजते. अशा जागी व्होल्टेज वाटेतच खर्च होते. बल्बपर्यंत ते दहा टक्के कमी पोहोचले, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. दिवा पिवळा पडला की आपण बल्बला दोष देतो, पण पुष्कळदा दोष होल्डरचा असतो. टोके पॉलिश पेपरने घासून कपलर घट्ट बसवला, की तोच बल्ब पुन्हा चांगला पेटतो.

गेलेला बल्ब काय सांगतो

उडालेला बल्ब लगेच फेकू नका. उजेडाकडे धरून पाहा.

काच स्वच्छ आहे आणि तार सरळ तुटली आहे, तर बहुधा हादऱ्याने गेला. डोम आणि स्प्रिंग तपासा.

तुटलेल्या टोकांवर वितळलेल्या धातूच्या बारीक गोळ्या दिसतात आणि बल्ब नवाच होता, तर व्होल्टेज जास्त आहे. रेग्युलेटर पाहा.

काच आतून काळसर झाली आहे आणि बल्ब बरेच महिने चालला आहे, तर त्याने आपले तास भरले. काळजीचे काही नाही.

आत दुधासारखा पांढरा थर आहे, तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली. पाणी किंवा बोटांचा डाग, यांपैकी काही तरी झाले आहे.

तार शाबूत आहे, तर बल्ब गेलेलाच नाही. होल्डर, वायर, बटण किंवा फ्यूज पाहा.

आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीला एकाच पावसाळ्यात तीन बल्ब लागले. तिन्हींच्या तारांना गोळ्या होत्या. रेग्युलेटर बदलल्यावर चौथा बल्ब पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालला. बल्बला दोष देण्याआधी एवढी दोन मिनिटे दिली, तर खर्च वाचतो.

मोठा बल्ब, एलईडी बल्ब

उजेड कमी वाटतो म्हणून पुष्कळ तरुण ३५ वॅटच्या जागी ६० किंवा ९० वॅटचा बल्ब घालतात. बुडाचे कान थोडे घासले की तो बसतोही. पण लहान गाडीच्या मॅग्नेटमध्ये तेवढी वीज नसते. व्होल्टेज पडते, बॅटरी उतरते, होल्डर वितळतो आणि परावर्तक भाजतो. खर्च वाढतो, उजेड मात्र वाढत नाही.

बाजारात मिळणारे स्वस्त एलईडी बल्ब हॅलोजनच्या डोममध्ये घालण्याचीही पद्धत आली आहे. डोमचा परावर्तक त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. दुसऱ्या जातीचा दिवा तिथे ठेवला की उजेड विस्कटतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आपला रस्ता मात्र अंधारातच राहतो. घाटातल्या वळणावर समोरच्याला न दिसणे आपल्यालाच महागात पडते. कंपनीने मुळातच एलईडी दिवा दिलेल्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत तार नसल्यामुळे दिवा वर्षानुवर्षे चालतो. पण बिघडला तर बहुधा आख्खे युनिट बदलावे लागते, आणि ते वाडीजवळच्या टपरीवर मिळत नाही.

आपण काय करू शकतो

रात्रीच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक गाडीत एक जादा बल्ब असावा. त्याला साधारण शंभर ते दोनशे रुपये पडतात. तो कापडात गुंडाळून छोट्या डबीत, सीटखाली किंवा साईड बॉक्समध्ये ठेवावा. सोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि लहान बॅटरी असावी, कारण दिवा जातो तो अंधारातच. बल्ब बदलायला दहा मिनिटे पुरतात. पण एकदा दिवसाउजेडी बदलून पाहिलेला असावा.

सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे बल्बमध्ये दोन तारा आहेत. नेहमी वापरात असलेली तार आधी जाते. चालताना दिवा गेला तर घाबरून जोरात ब्रेक लावू नये. आधी अंगठ्याने अप्पर-डिपरचे बटण फिरवावे. बहुतेक वेळा दुसरी तार जिवंत असते आणि तिच्या उजेडात गाडी बाजूला घेता येते, हळूहळू गावापर्यंतही जाता येते. डिपर गेला असताना अप्परवर चालत असाल, तर समोरून कोणी आल्यास वेग अगदी कमी करावा. आणि घरी पोहोचल्यावर 'एक तर आहे' म्हणून तसेच राहू नये. दुसरी तार गेली की हाती काहीच उरत नाही.

नाताळच्या दिवसांत आपली तरुण मंडळी कॅरलसाठी रात्री गावोगाव फिरतात. निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीचा अप्पर, डिपर आणि मागचा लाल दिवा भिंतीसमोर पाहून घ्यावा. दहा गाड्यांना दहा मिनिटे लागतील. ज्या मंडळीत कोणी गॅरेजवाला किंवा इलेक्ट्रिशियन बंधू असेल, त्याने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, सगळ्या गाड्यांचे होल्डर आणि रेग्युलेटर तपासून दिले, तर ती मोठी सेवा होईल. त्याला पैसे फार लागत नाहीत, एक रविवारची दुपार लागते.

हिशेबातली बल्बची नोंद पुढेही दिसेल. गाड्या दिवसभर चालतात, तेव्हा बल्ब आपले तास भरणारच. मात्र आता एका गाडीला वर्षात तीन-चार बल्ब लागलेले दिसले, तर आपण जरूर विचारा, "रेग्युलेटर पाहिला का?" तो प्रश्न आम्हाला हवाच आहे.